सोबतीचं माणूस

"आजी, तुम्हाला स्वतःहून उठून बसता येतं का?" फोनमधली पोरगी विचारत होती.

"येतं की," मी म्हणाले.

"नाही येत," शैलजा म्हणाली. "मागं दोन उशा लागतात, आणि काखेत हात घालून उचलायला एक माणूस लागतं."

"तिला सांग," मी फोनला म्हणाले, "तुला कुणी विचारलं नाही म्हणावं."

फोन पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला होता, मोठ्यानं ऐकू यायचं बटण दाबून. स्टुलाच्या अलीकडं मी, पलीकडं शैलजा. पोरगी चाचरत म्हणाली, "ताई, आजी म्हणतायत..."

"ऐकलं मी. एकाच खोलीत आहोत आम्ही."

"अच्छा. मग मी नक्की कोणाशी बोलू?"

"दोघींशी बोल," मी म्हणाले. "आम्ही एकमेकींशी बोलत नाही. तू मनाला लावून घेऊ नको."

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. शैलजा म्हणजे माझ्या थोरल्याची, रणधीरची, बायको. आमच्यात तेव्हा नऊ वर्षांचा अबोला होता. अबोला तिनं धरला होता. मी तो मोडला नव्हता, एवढंच. आणि मी का मोडावा? नवरा गेला तेव्हा माझ्या पदरात तीन पोरं होती आणि शिक्षण म्हणाल तर तिसरी नापास. तरी कवठ्याजवळच्या माळावर मी द्राक्षाची बाग उभी केली. बांध कोरायला आलेल्या भावकीला मी नुसत्या तोंडानं माघारी पाठवलंय. अंजिराबाई आधी बोलायला जात नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक.

अशी मी, विशाखापट्टणमला नवव्या मजल्यावर उताणी पडले होते.

रणधीर जहाजावर इंजिनाचं काम करतो. सुट्टीवर आला तेव्हा "आई, एकदा समुद्र बघून जा" म्हणून मला घेऊन गेला. तिसऱ्याच दिवशी बाथरूममध्ये पाय सरकला. मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. कमरेच्या पिशवीतला माझा फोन बादलीत गेला तो गेलाच. डॉक्टरांनी मांडीत आरपार खिळे घातले आणि बाहेरून लोखंडी सळ्या आवळल्या. पाय वाकवायचा नाही, खाली सोडायचा नाही, कुशीवर वळायचं नाही. रणधीरची सुट्टी संपली, तो जहाजावर गेला. मागं राहिलो ती आणि मी. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. मला पडल्या जागेवरून चौकोनी आभाळ तेवढं दिसायचं आणि गॅलरीतली कपडे वाळत घालायची तार.

पाणी पाहिजे झालं की मी पंख्याला सांगायची, "घसा सुकला रे बाबा." ती तांब्या आणून ठेवायची. तिला काही सांगायचं असलं की ती औषधाच्या बाटलीला सांगायची, "जेवणाआधीची गोळी राहिली वाटतं." सात आठवडे असे काढले. भांडं द्यायची, काढायची, पुसायची, पाठीला पावडर लावायची. सगळं तोंड मिटून. तिचा हात हलका होता. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी कबूल केलं नसतं.

मग माझ्या भावाचा, शिदूचा, फोन आला. जतकडं माझं माहेर. आई नव्वदीच्या पुढची, तिनं अन्न सोडलं होतं. शैलजानं फोन माझ्या कानाला लावला. "आक्का," शिदू म्हणाला, "आई तुजं नाव घेतीया. आठ दिस बी काढायची न्हाई. ये बग कसं जमतंय ते."

कसं जमणार? आगगाडीचं डॉक्टरांनी नावच काढू दिलं नाही. दीड दिवसाचा प्रवास, मधे गाडी बदलायची, आणि सळ्यांसकट सरळ पाय डब्याच्या दारातून आत वळणार कसा? राहिलं विमान. विमानवाल्यांचं म्हणणं, असा पेशंट न्यायचा तर आमचा फॉर्म भरा, तुमच्या डॉक्टरची सही आणा, मग आमचा डॉक्टर बघेल. पहिल्या फोनला एक हिंदी बोलणारा बाप्या होता. त्यानं विचारलं, काय काय स्वतः करता? परक्या बाप्याला मी काय सांगणार? म्हटलं, "सब मैं करती. सब." आमच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की हिला काहीच करता येत नाही. दोन कागदांचा मेळ बसेना, फाइल परत आली. नव्यानं भरायची म्हणून ही दुसरी पोरगी लाभली. नाव शर्वाणी. नशिबानं मराठी.

"संडासला तुम्ही स्वतः जाता का, आजी?"

"जाते."

"भांडं लागतं," शैलजा म्हणाली. "दिवसातून पाच वेळा, आणि रात्री दोनदा."

"मोजतीयास होय गं," मी पंख्याकडं बघत म्हणाले.

"आजी," शर्वाणी म्हणाली, "रागावू नका, पण मागच्या वेळी तुम्ही सगळं स्वतः करते म्हणालात म्हणूनच फाइल परत आली. तीन दिवस गेले त्यात."

ते तीन दिवस माझे नव्हते. आईचे होते.

"लिही," मी म्हणाले. "भांडं लिही."

त्यानंतर पोरगी विचारत गेली आणि शैलजा सांगत गेली. वजन किती, सळ्या पलंगापासून किती वर येतात, खिळ्यांच्या तोंडाशी पू आहे का, पाठीला जखम झालीय का. झालेली नाही, असं ती म्हणाली तेव्हा शर्वाणी म्हणाली, "सात आठवडे झोपून एकही जखम नाही? फार छान ठेवलंय हो तुम्ही." मी उघड्यावर पडल्यासारखी पडून होते. माझ्या अंगाचं मला जेवढं माहीत नव्हतं तेवढं तिला माहीत होतं.

"एकाच ओळीतल्या तीन खुर्च्या मिळून एक करू," शर्वाणी म्हणाली. "इथून हैदराबाद, तिथून पुणे. पुण्याला खाली ॲम्ब्युलन्स तुम्ही सांगून ठेवायची. आता शेवटचं. सोबतीचं माणूस कोण? पेशंटचं सगळं करू शकेल असं पाहिजे. त्याशिवाय परवानगी नाही."

"सोबत कशाला? मी काय लहान आहे?"

"आजी, नियम आहे."

"मी जाईन," शैलजा म्हणाली. फोनलाच म्हणाली. "शैलजा रणधीर चव्हाण."

"पेशंटशी नातं?"

पोरगी वाट बघत होती. शेवटी शैलजा म्हणाली, "ते त्यांनाच विचारा."

"लिही," मी म्हणाले, "माझ्या लेकाची बायको."

"म्हणजे सून."

"तुला काय लिहायचं ते लिही की. माझी आई तिकडं वाट बघतीया."

"कंपनीचे डॉक्टर उद्या चार वाजेपर्यंत सांगतील," शर्वाणी म्हणाली. "हो म्हणाले तर परवा सकाळी विमान."

फोन बंद झाला आणि खोलीत पुन्हा कुणी नव्हतं.

संध्याकाळी फोन वाजला. शैलजा तो घेऊन गॅलरीत गेली आणि मागं दार ओढून घेतलं. हळू बोलत होती. मी श्वास धरून ऐकायला बघत होते, पण नुसता वारा. पाच मिनिटांनी आली आणि तांदूळ निवडायला बसली. मी पंख्याला विचारलं, "शिदूचा फोन होता का कुणास ठाऊक."

"मामांचाच होता," ती तांदळाला म्हणाली. "तसंच आहे. दोन चमचे दूध गेलं."

मला खरं वाटलं नाही.

तुम्ही म्हणाल, सात आठवडे जिनं एवढं केलं तिच्यावर अविश्वास? पण माझी खातरी होती. आई गेली तरी ही मला सांगणार नाही. गेलीच असेल. दार ओढून कशाला बोलायचं मग? आणि मी करणार काय? फोन तिच्याकडं, पाय तिच्याकडं, दाराची कडी तिच्याकडं. चौदा एकरांची मालकीण मी, पण त्या खोलीत उशीसुद्धा माझ्या मनानं हलत नव्हती. मी तिचं तोंड निरखत राहिले. ती रडलेली दिसतेय का, डोळे चुकवते का. ती डोळे चुकवतच होती. पण ती तर नऊ वर्षं चुकवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला शर्वाणीचा फोन आला. सळ्यांसाठी एक वेगळा दाखला लागणार होता, विमानतळावरची लोखंड शोधायची मशीन वाजते म्हणून. शैलजानं बटण दाबलं, सांगायचं ते सांगितलं. "थांबा, एवढं भरून घेते," पोरगी म्हणाली. तेवढ्यात शैलजा धुण्याची बादली घेऊन गॅलरीत गेली.

मी मान वळवली. फोन स्टुलावर. शर्वाणी तिकडं टकाटका बटणं दाबत होती.

"पोरी," मी हळूच म्हणाले, "माझं एक काम कर."

"बोला ना आजी."

"मी तुला माझ्या भावाचा नंबर सांगते, मला पाठ आहे. तू तुझ्या फोनवरून लाव. आई आहे का गेली, एवढंच विचार, आणि मला सांग. हिला कळू देऊ नको."

"आजी, मला असे फोन करता येत नाहीत. आणि ताई आहेत ना. त्या सांगतील की."

"ती सांगणार नाही."

"का नाही सांगणार?"

"तुला काय करायचंय?"

"आजी, काल पाऊण तास मी त्यांच्याशी बोलले. मला नाही वाटत त्या असं काही लपवतील."

त्या पोरीला काय माहीत? माझ्या जिभेला धार, पण त्या दिवशी ती माझ्यावरच फिरली.

"कारण मी तिला सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

पलीकडची बटणं थांबली.

"माझ्या धाकट्या लेकीचं लग्न होतं. हळदीचा दिवस. सकाळी सात वाजता बार्शीहून फोन आला, मीच उचलला. हिचे वडील गेले. ही अंगणात जात्याला हळकुंड बांधत होती. थोरली सून, पहिला मान तिचा. पाच सवाष्णी भोवती, गाणी चाललेली. तिला सांगितलं असतं तर तिथंच रडारड. तिला सुतक, दळलेल्या हळदीला विटाळ, पाहुण्यांत कुजबूज, माझ्या लेकीच्या नशिबाला बोट. आमच्यात म्हणतात, कानावर पडल्याशिवाय सुतक लागत नाही. मी ते तिच्या कानावर पडू दिलं नाही."

"मग?"

"मग काय. बार्शीला सांगितलं, निघालीय. ते दर तासाला फोन करायचे. मी सांगायची, येतीया, वाटेत आहे. दिवस मावळेपर्यंत थांबले बिचारे. तोवर हिनं माझ्या लेकीला हळद लावली, मांडवात सगळ्यांना वाढलं. तिच्या पानात मी माझ्या हातानं गोडाचं वाढलं. दुसऱ्या दिवशी पोरीची पाठवणी झाली, गाडी वळणावर दिसेनाशी झाली, आणि मग मी तिला सांगितलं."

पोरगी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आजी, हे कॉल रेकॉर्ड होतात."

"होऊ दे," मी म्हणाले. "कुठं तरी राहू दे."

तेव्हा मला तार दिसली. तारेवर ओली चादर अर्धी टाकलेली, आणि तिच्या वर दोन हात. हात हलत नव्हते. चादरीचं पाणी टपटप गळत होतं. किती वेळ ते हात तसे होते कुणास ठाऊक. मग त्यांनी चादर सारखी केली, दोन्हीकडं चिमटे लावले.

शैलजा आत आली. पदराला हात पुसले, स्टुलाशी बसली.

"बोला मॅडम," ती फोनला म्हणाली. "दाखल्यावर अजून काय लिहून पाहिजे?"

दुपारी तिनं मला भात भरवला. मी चार घास खाल्ले. ना मी पंख्याशी बोलले, ना ती बाटलीशी. चार वाजायची वाट बघत होतो दोघी. तिनं पुण्याची ॲम्ब्युलन्स सांगून ठेवली होती. माझी पिशवी भरली होती, सळ्यांवर गुंडाळायला मऊ कापडाच्या पट्ट्या फाडून ठेवल्या होत्या. आईसाठी म्हणून मी एक शब्द बोलले नव्हते, तरी तिनं तुळशीची पानं ओल्या फडक्यात बांधून पिशवीत घातलेली मी बघितली.

तीन वाजून गेल्यावर फोन वाजला. मला वाटलं, शर्वाणी. आज लवकर कळलं. शैलजालाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं बघितलंसुद्धा नाही, नुसता कानाला लावला.

"हां, बोला."

मग ती उभी राहिली. ऐकत राहिली. गॅलरीकडं गेली नाही. जागेवरच वळली आणि माझ्याकडं बघितलं. नऊ वर्षांनी तिचे डोळे माझ्या डोळ्यांना भिडले.

"आत्या," ती म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून ती मला आत्याच म्हणायची, पण ती हाक नऊ वर्षांत माझ्या कानावर आली नव्हती.

"आत्या, आई गेल्या. तीन वाजून दहा मिनिटांनी. मामांनी आत्ताच सांगितलं, मी आत्ताच सांगतेय. फोन चालू आहे."

तिनं फोन माझ्या कानाला लावला. तिकडं बायकांचा आकांत होता आणि त्यात शिदू, माझा साठीतला भाऊ, लहान पोरासारखा. "आक्का, गेली गं. तुजंच नाव तोंडात. आक्का, तू कुठवर आलीस?"

तू कुठवर आलीस. मी पलंगावरच होते.

"किती येळ थांबू, आक्का? सांग. तू म्हणशील तोवर थांबतो."

शैलजानं फोन स्वतःच्या कानाला लावला. "मामा, मी शैलजा. बर्फ आणून ठेवा. चारला कंपनीचं उत्तर येतंय. परवानगी मिळाली तर उद्या संध्याकाळपर्यंत मी त्यांना घेऊन येते. थांबा तुम्ही."

तिनं फोन ठेवला, आणि स्टुलावर बसून राहिली. मी रडत होते. ती रडत नव्हती. पदर घेऊन मधूनमधून माझं तोंड पुसत होती, कारण उताणं रडलं की पाणी कानात जातं.

चारला सात मिनिटं कमी असताना फोन आला.

"ताई," शर्वाणी म्हणाली, आणि तिच्या आवाजावरूनच मला कळलं. "डॉक्टरांनी नवा एक्स-रे मागितलाय. याच आठवड्यातला. तो बघितल्याशिवाय उद्याच्या विमानाला सही देत नाहीत म्हणतात. एक्स-रे पाठवला तर शुक्रवारचं होईल. मी तीन खुर्च्या धरून ठेवते."

"शुक्रवार?" शैलजा म्हणाली. "आजींची आई गेली, मॅडम. आत्ता, पाऊण तासापूर्वी. उद्याच पाहिजे."

"ताई, मला फार वाईट वाटतंय. पण माझ्या हातात..."

"कुणाच्या हातात आहे मग? त्याला फोनवर घ्या. मी बोलते त्याच्याशी. हाड हललेलं नाही, मी रोज बघते. वाटेत मी एक धक्का लागू देणार नाही."

"त्यांच्यापर्यंत फोन जात नाही, ताई. मी दोनदा लिहून विनंती केली."

आणि मग शैलजा ओरडली. सात आठवड्यांत मी तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. नऊ वर्षांतही नाही.

"तुम्हाला कळत नाही का? एकदा मातीला गेलं की झालं. मी वडिलांना आठवायला बसते ना मॅडम, तर मला वडील आठवत नाहीत. मला हळदीचं ताट आठवतं. मांडव आठवतो. मी हसत होते त्या वेळी, फोटोत आहे. नऊ वर्षं मी त्यांचं शेवटचं तोंड शोधतेय आणि मला फोटोतलं माझंच हसू दिसतं. असं कुणाचं होऊ नये. यांचंसुद्धा होऊ नये. लिहा हे. लिहा तुमच्या फॉर्मवर."

पलीकडं शर्वाणी रडत होती. शुक्रवारच्या तिकिटाचं काहीतरी पुटपुटली. शैलजानं "धरून ठेवा" म्हटलं आणि फोन बंद केला.

खाली कुठंतरी शाळेची गाडी आली, पोरांचा गलका झाला. ती फोन हातात घेऊन बसली होती. मला ठाऊक होतं आता काय करायचं राहिलं होतं, आणि ते तिनं करायचं नव्हतं.

"शिदूला लाव," मी म्हणाले. पंख्याकडं बघून नाही.

तिनं नंबर दाबला, फोन माझ्या हातात दिला. खालून आपलाही हात लावला.

"शिदू," मी म्हणाले. "थांबू नको."

"आक्का, उद्यापर्यंत ठेवतो की. बर्फ आलाय."

"उद्या मी येत नाही. शुक्रवारी येईन. तोवर तिला तसं ठेवायचं नाही. न्या."

"तोंड न बघता, आक्का?"

बार्शीच्या माणसांतही त्या दिवशी दिवस मावळताना हेच कुणी तरी कुणाला तरी विचारलं असेल.

"न्या तिला," मी म्हणाले. "माझ्या वाटणीचं पाणी तू घाल तिच्या तोंडात."

शुक्रवारी आम्ही निघालो, तीन खुर्च्यांच्या ओळीत. विमानवाल्यांनी जेवढा वेळ उभं राहू दिलं तेवढा वेळ शैलजा दोन्ही विमानांत माझ्या पायाच्या सळ्या धरून उभी राहिली, आणि माहेरच्या अंगणात मला उतरवलं तेव्हा राख सावडून झालेली होती. पण ते पुढचं.

त्या दुपारी फोन ठेवल्यावर शैलजा उठली. आत भांड्याचा आवाज झाला, नळ सुटला. दारात येऊन उभी राहिली, हातात टॉवेल.

"आत्या, पाणी ठेवलंय. सुतकाचं डोक्यावरून घ्यायचं, का नुसतं अंग पुसून घेऊ? ओल सळ्यांना चालणार नाही म्हणून विचारते."

"डोक्यावरून," मी म्हणाले. "तू आहेस की सळ्या झाकायला."

तिनं सळ्यांना प्लॅस्टिक गुंडाळलं. पलंगाच्या कडेला बादली ठेवली, माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, आणि माझी वेणी सोडायला लागली.